झायलिटॉल : दाताचा दाखला

‘शुगर अल्कोहोल’. नावात दोन शब्द आणि दोन्ही फसवे! ही आपली साखर नव्हे, आणि दारू तर नव्हेच. या कुळातलं झायलिटॉल आज आपण पाहू. १८९१ च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर यांनी बीच झाडाच्या लाकडापासून ते मिळवलं. पुढे कित्येक दशकं त्याला फारसं कुणी विचारलं नाही.

मग फिनलंडमधलं तुर्कू शहर. १९७० नंतर तिथे शाइनिन आणि मॅकिनेन यांनी सव्वाशे माणसांचे तीन गट केले. सुमारे दोन वर्षं एका गटाला नेहमीची साखर, दुसऱ्याला फ्रुक्टोज, तिसऱ्याला झायलिटॉल. तिसऱ्या गटात दात किडणं जवळजवळ थांबलं. कारण तोंडातल्या जंतूंना ही गोडी पचत नाही, म्हणून दात झिजवणारं आम्लही होत नाही. (पहिल्या गटाचे दात मात्र किडत राहिले, हे आम्हाला अजून खटकतं.) १९७५ मध्ये झायलिटॉलचं च्युइंगगम बाजारात आलं.

पण दातांसाठी मिळालेला हा दाखला आपण रक्तासाठी वापरतो. मधुमेही माणूस ‘शुगर फ्री’ वाचून निर्धास्त बिस्किटं खातो. त्या बिस्किटात पुष्कळदा याच कुळातलं माल्टिटॉल असतं, आणि ते रक्तातली साखर वाढवतं. नेहमीच्या साखरेपेक्षा कमी, पण वाढवतंच. शिवाय बिस्किटातला मैदा आहेच की!