संरक्षणाची मुदत: सुधारगृहे आणि मुली

सुधारगृहांचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास हा प्रामुख्याने मुलग्यांचा इतिहास आहे. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या आणि डेव्हिड ससून यांचे नाव लाभलेल्या संस्थेमागे, गुन्हा केलेल्या मुलांना तुरुंगातील प्रौढ कैद्यांपासून दूर ठेवून एखादा हुन्नर शिकवावा, म्हणजे सुटल्यावर ती स्वतःच्या कष्टावर जगू शकतील, अशी कल्पना होती. १८९७ च्या सुधारशाळा कायद्याने तर बालगुन्हेगाराची व्याख्याच पंधरा वर्षांखालील दोषी ‘मुलगा’ अशी केली. मुलगी त्या व्याख्येत बसतच नव्हती.

मुंबई इलाख्याच्या १९२४ च्या बालक कायद्याने हे चित्र पालटले. गुन्हा केलेल्या मुलांबरोबरच निराधार आणि वाईट संगतीत सापडलेली मुलेही त्याच्या कक्षेत आली, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि चौकशी होईपर्यंत मुलांना ठेवण्याची जागा, म्हणजेच ‘रिमांड होम’, शहराच्या बोलीत रुळली. मुलींसाठी हे दार उघडले ते मुख्यतः संरक्षणाच्या भूमिकेतून. मुलाला त्याने केलेल्या कृत्याबद्दल आत घेतले जाई, तर मुलीच्या बाबतीत तिचे काय होईल ही भीतीही पुरेशी ठरे. या भीतीला आधार नव्हता असे मुळीच नाही, कारण कुंटणखान्यांत विकल्या जाणाऱ्या मुली हे मुंबईचे उघडे वास्तव होते. परंतु शिक्षेला जशी मुदत असते तशी भीतीला नसते, आणि खरा अन्याय तिथेच दडला होता.

१९८६ च्या बाल न्याय कायद्यात हा अन्याय आकड्यांत वाचता येतो. मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी अठराव्या वर्षापर्यंत ‘बाल’ मानली जाई, आणि उपेक्षित बालकाला, म्हणजे निराधार किंवा पालकांच्या ताब्यात न राहिलेल्या मुलाला वा मुलीला, हे वय संपेपर्यंत बालगृहात ठेवता येई. त्यामुळे एकाच दिवशी दाखल झालेल्या तेरा वर्षांच्या दोघा भावंडांपैकी भाऊ तीन वर्षांनी सुटू शके, तर बहिणीला पाच वर्षे आत काढावी लागू शकत. दोघांपैकी कोणीही गुन्हा केलेला नसतानाही, केवळ मुलगी म्हणून तिच्या वाट्याला ही दोन वर्षे जास्तीची येत, याला कायद्याने संरक्षण म्हणावे हे मान्य करणे अवघड आहे.

२००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा हीच मर्यादा ठेवली. मात्र २०१२ चा पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालील संमती मानत नाही. त्यामुळे स्वतःच्या मर्जीने घर सोडलेली सतरा वर्षांची मुलगी जेव्हा आईवडिलांकडे परत जायला नकार देते, तेव्हा तिला बालगृहात पाठवले जाण्याचा प्रसंग वारंवार येतो. तिच्याबरोबर गेलेला मुलगा आरोपी असल्यामुळे जामीन मागू शकतो. ती आरोपी नसल्याने जामिनाचा मार्ग तिच्यासाठी नसतो, आणि सुटकेसाठी तिला बहुधा अठरावा वाढदिवस उजाडण्याची वाट पाहावी लागते.