डावा कौल

कोकणातल्या गावरहाटीत देवाला कौल लावण्याची चाल आहे. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवितो, गाऱ्हाणे घालतो, आणि जमलेली मंडळी टक लावून बसतात. उजवी पाकळी पडली तर काम हाती घ्यावे. डावी पडली तर सोडून द्यावे. डावा कौल झाला म्हणून देवावर रागावलेला माणूस आम्ही पाहिलेला नाही. परंतु गाऱ्हाणे नीट घातले नाही, पाकळी पुरती भिजवली नव्हती, असे म्हणून गुरवाला बोल लावणारे मात्र गावोगाव आढळतात.

गोव्याच्या जनतेने १६ जानेवारी १९६७ रोजी जे मतदान केले त्यास तेथे 'जनमत कौल' असेच म्हणतात. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची निशाणी फूल; वेगळे राहण्याची निशाणी दोन पाने. महाराष्ट्राच्या दृष्टीने पाकळी डावी पडली. मतदान कसे झाले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कौल लागल्यावर दोष कोणाच्या माथी गेला आणि पुढाऱ्यांनी काय केले, हा भाग मात्र सहसा दोन ओळींत उरकतात. आम्हांला तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ जागा मिळाल्या आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२. बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते खाणमालक खरे, पण बहुजन समाजातले. त्यांच्यामागे उभी राहिलेली माणसे कुळे, मुंडकार आणि मजूर होती. भाटकाराच्या जमिनीत ज्याची झोपडी आहे अशा मुंडकाराला विलीनीकरण म्हणजे काय वाटत होते? महाराष्ट्रात कुळकायदा आहे, मराठी शाळा आहेत, तेथे गेलो म्हणजे भाटकाराची सावली अंगावरून उठेल. नकाशावरच्या रेषेपेक्षा त्याला ही आशा मोठी होती. १९६५ च्या जानेवारीत गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. सिक्वेरा यांचे म्हणणे असे की सरकार निवडणे वेगळे आणि आपले वेगळेपण कायमचे पुसून टाकणे वेगळे. लोकांना सरळ विचारा. दिल्लीने अखेर ते मानले. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. त्या वेळी केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे महाराष्ट्राचेच. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे दिल्लीला दोष देणे तितकेसे सोपे राहिले नाही.

आता एक गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सत्तेवरच्या सरकारकडून मोकळे मतदान होणार नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. बांदोडकरांनी ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. निवडून आलेला मुख्यमंत्री, विधानसभेचा ठराव खिशात असलेला, प्रतिपक्षाच्या मागणीवरून खुर्ची सोडतो आणि मग लोकांपुढे जातो. सत्ता हाती असती तर मामलेदारापासून तलाठ्यापर्यंत सारे आपले होते, खुर्ची सोडली म्हणून घात झाला, असा तर्क विलीनीकरणवाद्यांत आजही ऐकू येतो. आम्हांला तो तर्क लाजिरवाणा वाटतो. मामलेदाराच्या बळावर मिळणारा कौल घेऊन करायचे काय?

निकाल असा लागला. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. अंतर ३४,०२१. दर शंभर ग्राह्य मतांमागे सुमारे पंचावन्न पाने आणि पंचेचाळीस फूल.

इतका स्पष्ट निकाल लागल्यावर विचार पराभवाच्या कारणांचा व्हावयास हवा होता. तो झाला गुन्हेगाराचा. पहिले बोट ख्रिस्ती समाजाकडे गेले: पाद्र्यांनी सांगितले तशी मते पडली. पण साधा हिशेब करा. गोव्यात ख्रिस्ती वस्ती चाळीस टक्क्यांच्या आत होती. एकूण एक ख्रिस्ती मत पानांना गेले असे धरले, तरी उरलेल्या समाजातील निदान चौथा हिस्सा त्या बाजूला गेल्यावाचून पंचावन्नचा आकडा जमत नाही. हा हिशेब ज्यांना कळला त्यांनी दुसरे बोट काढले: घरचे फितूर झाले. आपल्या मराठी माणसाच्या पोतडीत सूर्याजी पिसाळ सदैव तयार असतो. पराभव झाला की तो बाहेर काढावयाचा आणि ज्याला हवा त्याला चिकटवावयाचा. रवींद्र केळेकरांसारखे कोकणीवादी, पुरुषोत्तम काकोडकरांसारखे काँग्रेसचे कार्यकर्ते यांना तो चिकटविण्यात आला. गंमत अशी की विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार शस्त्र चालले ते मराठी भाषेतच. मडगावचे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी, आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदरही मराठी. म्हणजे मराठी उत्तम जाणणाऱ्या वाचकाने मराठीत वाचून, विचार करून, महाराष्ट्रात न जाण्याचे ठरविले. त्याला फितूर म्हणावे, की त्याचे म्हणणे काय होते ते विचारावे?

त्याचे म्हणणे काही गूढ नव्हते. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आणलेले अधिकारी गोव्यात वरच्या जागांवर बसले होते. शिकलेल्या गोवेकर तरुणाला ते डोळ्यांपुढे दिसत होते. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता; माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराने आपल्या पोटाचा विचार केला तर त्याला कोणी नावे ठेवावी? शिवाय मुंबईहून गेलेले वक्ते व्यासपीठावरून सांगत की कोकणी ही भाषाच नव्हे, मराठीची बोली आहे. भाषाशास्त्राचा वाद पंडितांनी करावा. पण ज्या घरात मत मागावयास गेलो त्या घरातल्या आजीच्या बोलण्याला कमी लेखून मत मिळत नाही, हे कोणत्याही गेट मीटिंगमध्ये उभा राहिलेला कार्यकर्ता सांगू शकेल.

श्रोतेहो, येथे आम्हा वसईकरांची एक विशेष चूक होत आली आहे. आपल्याकडे घरात सामवेदी किंवा वाडवळी, शाळेत मराठी आणि चर्चमध्येही मराठी प्रार्थना. पोर्तुगीज येथेही दोनशे वर्षे होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा गेले. येथला ख्रिस्ती शेतकरी मराठीपणाविषयी कधी अडखळला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा तालुक्याला आनंद झाला, पण नवल वाटले नाही. त्यामुळे आपण सहज म्हणतो, आम्हांला जमले ते गोव्याला का जमू नये? पण आपल्याला ते एका सोमवारी फुलावर शिक्का मारून जमविण्यास कोणी सांगितले नव्हते. ते पिढ्यान् पिढ्या मुरत आले. उलट, २००९ साली चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका करण्याचे ठरले, तेव्हा न विचारता आम्हांला कोठे जोडता म्हणून हीच शांत गावे कशी पेटली आणि ते भांडण किती वर्षे चालले, हे या सभेतील पुष्कळांनी पाहिले आहे.

दोष देण्याची ही खाज आम्हांला पुस्तकातून कळलेली नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात तीन वर्षांच्या कराराचा मसुदा मालकाने पुढे केला. पगारवाढ तुटपुंजी होती. मसुदा फेटाळावा असे आम्हा कमिटीचे मत होते. गुप्त मतदान घेतले आणि मसुदा अकरा मतांनी मंजूर झाला. त्या रात्री युनियनच्या खोलीत चहा पीत पीत आम्ही काय केले? कोठे चुकलो याचा विचार केला नाही. फुटलेल्या मतांची यादी केली. त्यात कँटीनमधल्या एका माणसाचे नाव आले, कारण मुलीच्या लग्नासाठी त्याने सोसायटीचे कर्ज काढले होते. पुढे दोन महिने त्याच्याशेजारी डबा उघडावयास कोणी बसले नाही. करार लागू झाला, मागील फरक हाती पडला, आणि फेटाळा म्हणणाऱ्यांनीही तो मोजून घेतला. त्या माणसाने मत कोणाला दिले होते हे आम्हांला आजही ठाऊक नाही. यादीतले ते नाव आमच्याच हस्ताक्षरात होते.

आता पुढाऱ्यांकडे वळू. युरोपात रिवाज असा की कौल उलटला की पुढाऱ्याने जावे. फ्रान्सच्या द गॉलने एप्रिल १९६९ च्या सार्वमतात हार होताच दुसऱ्या दिवशी अध्यक्षपद सोडले. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, ५२ विरुद्ध ४८ अशा प्रमाणात; ज्या कॅमेरून साहेबांनी तो प्रश्न लोकांपुढे नेला होता त्यांनी निकालाच्या सकाळीच पायउतार होत असल्याचे जाहीर केले, आणि निस्तरण्याचे काम इतरांवर पडले. यात बाणेदारपणा किती आणि सुटका किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

बांदोडकरांचे उलट झाले. त्यांनी राजीनामा आधी दिला होता; नंतर देण्यास काही उरलेच नव्हते. ज्या एका मुद्द्यावर पक्ष उभा होता तो मतपेटीने निकालात काढला. पक्षाच्या नावातला 'महाराष्ट्रवादी' हा शब्द एका दिवसात रिकामा झाला. तरी दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा बांदोडकर पुन्हा लोकांपुढे गेले आणि १६ जागा घेऊन परत आले. जिंकलेल्या कौलाचे धनी सिक्वेरा. त्यांच्या पक्षाला पूर्वीइतक्याच १२. पानांची मते सासष्टीसारख्या भागात साठली होती, ती जागांत उतरली नाहीत, हा हिशेब आहेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. मुंडकाराला ज्या गोष्टी हव्या होत्या, शाळा आणि जमीन, त्या त्याने महाराष्ट्राच्या नावाने मागितल्या होत्या. महाराष्ट्र मिळाला नाही म्हणून त्या हव्याशा वाटण्याचे थांबले नव्हते. बांदोडकरांनी त्या माणसाला 'तू मला हरविलेस' असे म्हटले नाही. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघत राहिल्या. आमच्या क्षेत्रातला दाखला द्यावयाचा तर डॉ. दत्ता सामंतांचा देता येईल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप फसला, लाखो संसार उघड्यावर आले, वर्तमानपत्रांनी सारा दोष एका माणसावर टाकला; आणि १९८४ साली गिरणगावानेच त्यांना लोकसभेवर पाठविले. हरलेला पुढारी आणि आपल्याला सोडून गेलेला पुढारी यांतला फरक कामगाराला कळतो. याचा अर्थ पुढाऱ्याचे काही चुकलेच नाही असा नव्हे. संप कधी मिटवावा हे सामंतांना उमगले नाही असे आमचे मत आहे; आणि रेंदेराची भीती बांदोडकरांना वेळीच दिसली नाही, हेही आहे.

बांदोडकरांचा मार्ग पुढे निष्कंटक झाला असे मुळीच नाही. १९७० साली त्यांच्याच पक्षातले काही आमदार उलटले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी ते मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर त्या जागी आल्या.

सिक्वेरांची कथा अधिक विचित्र आहे. कौल त्यांनी मागून घेतला, त्यांनी जिंकला. मुख्यमंत्रिपद त्यांना कधीच लाभले नाही. मतपत्रिकेवर दोनच निशाण्या होत्या, आणि त्यांना मनातून हवे होते ते तिसरेच, स्वतंत्र राज्य. पानांच्या विजयाने मिळाला तो दिल्लीच्या देखरेखीखालचा प्रदेश. राज्य झाले ३० मे १९८७ रोजी, कौलानंतर वीस वर्षांनी. त्याच वर्षी कोकणी राजभाषा झाली, आणि भाषेच्या प्रश्नावर जुनी जखम पुन्हा वाहिली. सिक्वेरा १९८९ साली वारले. त्यांचा पुतळा विधानसभेच्या आवारात असावा की नसावा यावर २०१८ सालीही गोव्यात वाद चालला होता. बांदोडकरांचा तेथे आधीपासून आहे.

पणजीहून दोनापावलाच्या बसमध्ये बसले की मांडवीच्या काठाने जो रस्ता लागतो त्याचे नाव दयानंद बांदोडकर मार्ग. मिरामारला समुद्राशेजारी त्यांची समाधी आहे. तेथून पुढे तीच बस त्याच वेगाने ज्या रस्त्याने जाते, त्याला डॉ. जॅक सिक्वेरा यांचे नाव आहे.