श्वास आणि श्वान

'श्वास' आणि 'श्वान' या दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यांचे गोत्र एक नाही, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्यासारख्या दमेकरी बाईला, जिला कळत्या वयापासून कुत्रे पाळायची हौस आहे, हे दोघे एका घरात न नांदणाऱ्या जावांसारखे वाटतात. एकीने उंबरठा ओलांडला की दुसरी बोचके बांधायला घेते. हा तंटा माझ्या छातीत पंचवीस वर्षे चालू आहे. तो मिटवायच्या खटपटीत दवाखान्याच्या बाकावर बसून जे वाचले, त्यातून असे ध्यानात आले की भांडण माझे एकटीचे नाही आणि ते फारसे जुनेही नाही.

दमा मात्र जुना. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास यांवर एक अध्याय आहे. त्यात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांपैकी तमक म्हणजे आपला दमा. रोग्याला आडवे पडले की गुदमरते, उठून बसले की बरे वाटते. कफ सुटला की घटकाभर सुख होते. आभाळ भरून आले, पाऊस पडला, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की दुखणे वाढते. डोंबिवलीत आषाढातल्या रात्री उशीला उशी लावून पहाट होईपर्यंत बसून काढणाऱ्या कोणालाही हे वर्णन वाचून आपल्याच घरात कोणीतरी डोकावून गेल्यासारखे वाटेल. कारणांत धूळ आहे, धूर आहे, थंड जागा आहे, थंड पाणी आहे, पावटे आणि उडीदही आहेत. कुत्रे नाही.

ते का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. कुत्रे आपल्याकडे नव्हते असे थोडेच आहे? दत्ताच्या पायांशी चार कुत्री आहेत नि त्यांना आपण चार वेद मानतो. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रे असते आणि त्याचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेत. कोटंब्यात वाढलेले खाताना कुत्र्यासारखे भुंकण्याची चाल होती. पण या सर्व इतिहासात मला सर्वांत मोह पडतो तो साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या कुत्र्याचा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, तेव्हा महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला. ग्रँट डफने हे आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे. थोडे नवल वाटून, आणि थोडे हसूनही. साहेबाला हसू येणे स्वाभाविक होते. मला येत नाही. ज्याने जीव राखला त्याला पालखी द्यायची नाही तर कोणाला द्यायची? कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, या कुत्र्याची समाधी दाखवतात. १७४९ साली शाहू महाराज वारले, त्यांचीही समाधी त्याच तीरावर आहे.

आता या सगळ्या कुत्र्यांत एक गोष्ट सारखी आहे : त्यांपैकी एकही माणसाच्या बिछान्यात झोपत नव्हते. देवळातले कुत्रे देवळाच्या पायरीवर, शिकारीचे शिकारखान्यात, धनगराचे वाड्याच्या कडेला मेंढरांपाशी, आणि गावातले कुत्रे गावाचे; भाकरीचा तुकडा अंगणात टाकायचा, माजघरात त्याला मज्जाव. कल्याणच्या जुन्या वाड्यांतही त्याची धाव पडवीपर्यंत. हा सोवळ्याचा नियम होता, आरोग्याचा नव्हे. पण दमेकऱ्याच्या छातीला नियमाच्या हेतूशी काय करायचे आहे? मोकळ्या अंगणातले कुत्रे त्याच्या श्वासात येत नसे, एवढे पुरे होते. वाडे पडले, चाळी झाल्या, चाळींचे ब्लॉक झाले. अंगण गेले नि पडवीही गेली. मग हौशी माणसापुढे दोनच वाटा उरल्या : कुत्रे एकदम सोफ्यावर, नाहीतर कुत्रेच नको. माझे भांडण सुरू झाले ते इथे.

जनावराच्या सहवासाने धाप लागते हे वैद्यकाने ओळखले तेही उशिरा. इटालियन वैद्य कार्डानो १५५२ साली स्कॉटलंडला गेला होता, सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशपचा दमा बरा करायला. त्याने पुष्कळ उपचार सांगितले, त्यांत एक असा की पिसांची गादी आणि उशी काढून टाका. रोग्याला उतार पडला. पिसांचा काय दोष, हे कार्डानोला ठाऊक असणे शक्य नव्हते. पुढे लंडनचा डॉक्टर हाइड साल्टर, जो स्वतः लहानपणापासून दमेकरी होता, त्याने १८६० साली दम्यावर ग्रंथ लिहिला आणि मांजराच्या सान्निध्याने दमा उसळतो हे नोंदवले. दमेकऱ्याने दम्यावर लिहिलेले पुस्तक निराळेच वाटते. त्यात रोग्याला भित्रा ठरवलेले नसते. 'ॲलर्जी' हा शब्द तर १९०६ सालचा, व्हिएन्नाच्या फॉन पिर्के याने घडवलेला. आज आमच्या शाळेतली पाचवीची मुलेसुद्धा गणिताची ॲलर्जी आहे म्हणतात.

औषधांच्या कथेत आपल्या मातीचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नाही. धोतऱ्याचा धूर ओढला की धाप बसते, हे हिंदुस्थानात ठाऊक होते. मद्रासेतील डॉक्टर अँडरसन यांच्याकडून हे ज्ञान आणि ती वनस्पती जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्यामार्फत १८०२ च्या सुमारास एडिंबरोला पोचली. मग युरोपात धोतऱ्याच्या जातीच्या पानांच्या विड्या निघाल्या, 'दम्याच्या सिगारेटी' म्हणून डब्यांतून जगभर विकल्या गेल्या, आणि आपल्याकडेही विलायती माल म्हणून परत आल्या! धोतरा विषारी आहे, कोणी वाचून प्रयोग करू नये. पण त्यातल्याच द्रव्याच्या कुळातले, पुष्कळ निर्धोक केलेले औषध आज इप्राट्रोपियम या नावाने श्वासावाटे दिले जाते. शंकराला वाहिलेले फळ असे फिरून फिरून आमच्या नळीत येते. अडुळशाचेही तसेच. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफाचे औषध तयार झाले. आजीचा काढा आणि दुकानातली बाटली यांच्यात नाते आहे ते असे.

आज ज्याला आपण 'पंप' म्हणतो त्याचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेतील रायकर कंपनीच्या प्रमुखाला दमेकरी मुलगी होती. तिने १९५५ साली वडिलांना विचारले, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरत नाहीत? वर्षाच्या आत, १९५६ साली, ते औषध डब्यात आले. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आले, १९७२ मध्ये सूज कमी करणारे बेक्लोमेथासोन. आणि सत्तरीच्या दशकातच मुंबईच्या सिप्ला कंपनीने आपल्याकडे हे फवारे काढले. औषध आले, पण घराघरांतली लाज गेली नाही. मुलगी दाखवायच्या दिवशी पंप कपाटात लपवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. पंपाची सवय लागते, हा समज तर अजून ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही लोकलच्या डब्यात ऐकायला मिळेल. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळे राहत नाही. मृगाला हैदराबादेस जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळणारे आहेत, कोजागरीला चांदण्यातल्या खिरीतून औषध घेणारे आहेत. त्यांना मी हसत नाही. रात्री तीन वाजता श्वास मिळेनासा झाला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

परंतु धैर्याची गोष्ट सांगायची तर रॉजर अल्टुन्यान याची सांगावी. हा इंग्लंडमधला डॉक्टर, जन्म सीरियातला, स्वतः दमेकरी, आणि त्याला गिनीपिगच्या केसांनी धाप लागे. एका वनस्पतीपासून निघालेली द्रव्ये तो तपासत होता. पद्धत अशी की आधी द्रव्य घ्यायचे, मग गिनीपिगच्या कोंड्याचा अर्क आपणच हुंगायचा आणि दमा किती चढतो ते मोजायचे. असे त्याने एकदा नव्हे, वर्षानुवर्षे शेकडो वेळा केले. १९६५ साली त्यातून क्रोमोग्लायकेट हे औषध हाती लागले. ते ओढायचे यंत्र त्याने विमानाच्या पंख्यावरून सुचलेल्या कल्पनेने केले. युद्धात तो वैमानिक होता.

आता कुत्र्याकडे वळते. इमारतीतल्या शेजाऱ्यांचा सल्ला एकमुखी असतो : आखूड केसांचे घ्या. कोणी मुधोळचे नाव घेतो. मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेली ती सडपातळ जात मला फार आवडते, पण सल्ला चुकीचा आहे. दोष केसांचा नाहीच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात एक प्रथिन असते, त्याला शास्त्रज्ञ 'कॅन एफ वन' म्हणतात. ते धुळीच्या बारीक कणांवर बसून तासन्‌तास तरंगते. कुत्रे घरातून गेले तरी गाद्यापडद्यांत आठवडेच्या आठवडे राहते. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन या गृहस्थाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॅब्रेडॉर आणि पूडल यांचा संकर केला, तो हवाईतील एका अंध बाईसाठी. तिला वाटाड्या कुत्रा हवा होता नि नवऱ्याला कुत्रे सोसत नव्हते. पिलांची लाळ आणि केस हवाईला पाठवून पारख झाली आणि एक पिलू पसंत ठरले. मग जगभर त्या संकराचा बाजार मांडला गेला आणि कॉनरनला आपण हे केले नसते तर बरे, असे म्हणायची पाळी आली. डेट्रॉइटमध्ये १७३ घरांची धूळ तपासली, त्याचा निष्कर्ष २०११ साली आला : 'निर्दोष' म्हणवणाऱ्या जातींच्या घरांत ते प्रथिन कमी नव्हते. दुकानदाराने काहीही सांगो, बिनदोषाचे कुत्रे अजून जन्मलेले नाही.

आशेला एक फट मात्र आहे. 'कॅन एफ फाइव्ह' नावाचे दुसरे एक प्रथिन आहे, २००९ साली ओळखलेले, ते फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. काही रोग्यांना वावडे असते ते तेवढ्याचेच. अशांना कुत्री, म्हणजे मादी, चालण्याचा संभव असतो. ज्या समाजात मादी पिले टोपलीत घालून देवळाबाहेर ठेवण्याची रीत आहे, तिथे ही बातमी मला औषधापेक्षा गोड वाटली.

शहराने कुत्र्याशी कसे वागावे याचा वादही आपल्याकडे जुना आहे. मुंबई सरकारने उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा परिपाठ ठेवला होता, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. १८३२ साली मुदत वाढवली, बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळलेली कुत्रीही धरू लागले, आणि ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात दंगल झाली. पारशी धर्मात मृताला कुत्र्याची दृष्टी दाखवण्याचा विधी आहे. त्यांचा संताप समजण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली, शेवटी सैन्य आणावे लागले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. आज मोकाट कुत्री मारायची नाहीत, निर्बीज करायची, असा नियम २००१ पासून आहे, आणि २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली कळवले आहे. म्हणजे कायदा माझ्या बाजूने आहे. अडचण फुप्फुसाची.

आणि फुप्फुसाला डोंबिवलीची हवा. इथली रसायनांची वसाहत साठीच्या दशकातली. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली एक रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा लोक आधी हसले नि मग खोकले. त्यात खाडीची दमट हवा, भिंतीची बुरशी, फळ्यावरचा खडू, आणि दिवाळीत फडके रोडवरच्या गर्दीनंतर घरोघर फटाके. या सगळ्याला कोणी घराबाहेर काढायला सांगत नाही. नको म्हणतात ते कुत्र्याला. गंमत अशी की स्वीडनमध्ये २०१५ साली लाखो मुलांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा पहिल्या वर्षात घरी कुत्रे असलेल्या मुलांत पुढे दमा थोडा कमीच आढळला. पण हे तान्ह्यांचे. माझी पंचेचाळिशी जवळ आली आहे.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझी तपासणी केली. कुत्र्याचे वावडे निघाले, धुळीतल्या किड्याचे त्याहून अधिक. त्यांनी नाही म्हटले नाही. म्हणाल्या, "आधी मोजा, मग मागा." पंप नेमाने दोन वेळा घ्यायचा, गादी-उशांना खोळी घालायच्या, आणि फुंकायच्या मीटरवर रोजचा आकडा लिहायचा. बदलापूरच्या माझ्या मैत्रिणीकडे तीन वर्षांची गावठी कुत्री आहे, तांबूस, एक कान पडलेला. गेले चार रविवार मी तिच्या ओटीवर तासभर बसून येते. जाताना आकडा ३८०. परतल्यावर पहिल्या रविवारी ३५०, दुसऱ्या रविवारी ३४०, तिसऱ्या खेपेस तिने माझा हात चाटला, त्या दिवशी ३१० आणि मनगटावर पित्तासारख्या गांधी. चौथ्या रविवारी हात लगेच साबणाने धुतले, ३६०. हे सारे उघड्या ओटीवर, वारा असताना. पुढच्या रविवारी खोलीत, खिडकी लावून बसायचे ठरले आहे. पंप बरोबर असेल, मैत्रिणीला रिक्षावाल्याचा नंबर दिला आहे.