बिनमुठीचं ओझं

घागरीला काठ असतो, पोत्याला कान असतात, ट्रंकेला कडी असते. माणसाच्या देहाला धरायला काय असतं? हा प्रश्न मी काढलेला नाही. १९६५ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडातल्या जुन्या वैद्यकीय साप्ताहिकात परिचारिकेच्या ओझ्यावर एक संपादकीय आलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की मोठ्या माणसाचा देह उचलायला फार अवघड. त्याला मूठ नाही, तो ताठ राहत नाही, वजन शंभर किलोपर्यंत असू शकतं, आणि हातातून सुटला तर मोडतो. शिवाय तो पलंगावर अशा जागी पडलेला असतो, की उचलणारीला वाकून, हात लांब करूनच उचलावं लागतं. कारखान्यातल्या पुरुषाला असलं ओझं कोणी उचलायला सांगणार नाही, ते रुग्णालयातल्या मुली रोज उचलतात, हे त्या लेखात म्हटलं तेव्हा डॉक्टरांना ते पहिल्यांदाच कळलं की काय कोण जाणे. आपल्या आयाबायांना विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.

तोवर परिचारिकांना शिकवलं काय जायचं? पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका, ओझं अंगाजवळ घ्या. ही शिकवण खोटी नाही. पण ती खोक्यासाठी आहे. खोकं अंगाजवळ घेता येतं. पलंगाच्या मधोमध निजलेला माणूस कसा घेणार? मध्ये पलंगाची कडा असते. खोकं घाबरून तुमच्या गळ्याला मिठी मारत नाही, अर्ध्या वाटेत त्याचे पाय लटपटत नाहीत. वजनाचंच बघा. माणसाच्या एका पायाचं वजन त्याच्या एकूण वजनाच्या सुमारे सहावा भाग असतं. साठ किलोच्या बाईचा नुसता एक पाय धुवायला उचलला तरी जवळजवळ दहा किलो झाले. तेही हात लांब करून! विहिरीवरून भरलेली घागर कमरेवर आणणं सोपं, तीच घागर हात पुढे ताणून धरून बघा एकदा. ओझं जितकं अंगापासून लांब, तितका मणक्यावरचा भार वाढतो. कंबर मोडते ती तिथे.

आपल्याकडे मात्र कंबर मोडली की बाईलाच नावं ठेवतात. ‘उसण भरली, शेक घे, हळद-चुना लाव.’ माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आमच्या सासूबाईंचं अर्धांगाचं आजारपण चार वर्षं काढलं. सासूबाई उंच, हाडापेराने दणकट, आणि निजायच्या जमिनीवरच्या गादीवर, कारण पलंगावरून पडायची त्यांना भीती. दिवसातून आठ-दहा वेळा त्यांना उठवणं, बसवणं, न्हाणीघरात नेणं. काखेत हात घालून ओढायचं, दुसरं कोणाला ठाऊकच नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा जाऊबाईंच्या सेवेचं सगळ्या गल्लीनं कौतुक केलं. सहा महिन्यांनी त्यांच्याच मणक्याची गादी सरकली तेव्हा मात्र कोणी म्हणालं नाही, की हे त्याच सेवेतून आलं. मंदिरात खाली बसता येत नाही म्हणून त्या आता मागे खुर्चीवर बसतात.

तो काखेत हात घालण्याचा प्रकार इंग्लंडात १९८१ पासूनच त्याज्य मानला गेला आहे. परिचारिकांची संस्था, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग, आणि पाठदुखीवर काम करणारी एक संस्था यांनी मिळून त्या साली रुग्ण हाताळण्यावर मार्गदर्शक पुस्तक काढलं. काखेतून ओढल्यानं रुग्णाचा खांदा निखळू शकतो, अर्धांगात तर लुळ्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो; आणि ओढणारीची पाठ पिळली जाते. दोघींचंही नुकसान.

यंत्र मात्र त्याआधीच आलेलं होतं, आणि ते दवाखान्यातून नव्हे, गरजेतून आलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावचा टेड हॉयर हा तरुण मोटार अपघातात लुळा झाला. त्याला रोज कोणीतरी उचलावं लागे. मोटारीचा जॅक जसा तेलाच्या दाबावर गाडी उचलतो, तसा माणूस उचलणारा सांगाडा त्यानं बनवला आणि १९४०च्या दशकात त्याची कंपनीच काढली. खाली चाकं, वर आडवा हात, त्याला लटकवलेली कापडी झोळी. झोळी अंगाखाली सारायची, कड्या अडकवायच्या आणि दांडा हलवायचा. आजही अमेरिकेत असल्या यंत्राला सर्रास हॉयरचं नाव घेऊन बोलतात, कंपनी कुठलीही असो. ज्याला उचलून घ्यावं लागतं त्यानेच हे शोधावं, याचं मला फार बरं वाटतं.

पण यंत्र असूनही ते कोपऱ्यात धूळ खात पडे. उचलायला दोन मिनिटं, झोळी लावायला दहा. आणि मदतीला माणूस नसेल तर परिचारिका आपली पाठच पुढे करायची. म्हणून कायदा लागला. ब्रिटनमध्ये १९९२ साली हाताने ओझं हाताळण्याचे नियम झाले आणि १ जानेवारी १९९३ पासून लागू झाले. त्यांत अमुक किलोच उचला असं म्हटलेलं नाही. जे धोक्याचं उचलणं टाळता येईल ते मालकानं टाळावं, जे टळत नाही त्याचा धोका आधी तपासावा आणि मग कमी करावा, असा क्रम लावून दिला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या परिचारिकांच्या संघटनेनं १९९८ मध्ये हाताने रुग्ण उचलणं बंद करण्याचं धोरण स्वीकारलं. अमेरिकेत ओहायोच्या संशोधकांनी १९९९ साली मोजून दाखवलं, की दोघींनी मिळून रुग्ण उचलला तरी मणक्यावरचा भार धोक्याचाच राहतो. पुढे २००७ मध्ये तिथल्याच एका तज्ज्ञानं आकडा सांगितला: सगळं अनुकूल असलं तरी ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो. त्यापुढे साधन वापरा. १६ किलो म्हणजे पहिली-दुसरीतलं किरकोळ अंगाचं पोर! आणि आपण सत्तर किलोची माणसं उचलत आलो. जपाननेही २०१३ मध्ये सेवाकेंद्रांसाठी सांगून टाकलं, की माणसाला नुसत्या हातांनी उचलायचं नाही, हा मूळ नियम.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, संपला प्रश्न, यंत्र आणा. मलाही तसंच वाटलं होतं. पण पुढे इंग्लंडातच एक खटला झाला आणि तो मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

ईस्ट ससेक्स परगण्यात दोन बहिणी होत्या. निकालपत्रात त्यांची नावं झाकून ‘ए’ आणि ‘बी’ एवढंच लिहिलं आहे. दोघी विशीतल्या, शरीरानं आणि बुद्धीनं फार अपंग, आई-वडिलांबरोबर राहायच्या. घरी येणाऱ्या सेविकांनी त्यांना हातांनी उचलायचं नाही, यंत्रच वापरायचं, अशी तिथल्या काउन्सिलची भूमिका. आई-वडील म्हणत, मुलींना झोळीत लटकताना त्रास होतो, त्या भेदरतात. आणि पोहायला, बाजारात, घोड्यावर बसायला न्यायचं तर प्रत्येक ठिकाणी यंत्र कुठून आणायचं? उचलायचंच नाही असं ठरलं की पोरी घरातच बसणार. वाद वर्षानुवर्षं चालला. सेविका उचलत नसल्यामुळे मधल्या काळात उचलायचं काम पडलं ते आई-वडिलांवर. आईची पाठ कोणत्या नियमात बसत नव्हती, हे लक्षात घ्या बायांनो.

२००३ मध्ये न्यायमूर्ती मन्बी यांनी निकाल दिला. काहीही झालं तरी उचलायचंच नाही, असा सरसकट नियम कायद्यात बसत नाही, असं त्यांनी ठरवलं. अपंग माणसाला मान आहे, घराबाहेरचं आयुष्य जगण्याचा हक्क आहे. त्या मुलींना बोलता येत नसेल तर त्यांच्या चेहऱ्यावरून, अंगाच्या हालचालीवरून त्यांना काय वाटतं ते जाणून घेतलं पाहिजे. आणि त्याच निकालात हेही आहे, की सेविकेलाही मान आहे, तिच्याही देहाला हक्क आहे. रुग्णाची इच्छा म्हणून तिची पाठ मोडू द्यायची नाही. दोन्ही तराजूत घाला आणि त्या-त्या माणसापुरतं ठरवा. काही वेळा हातांनी उचलावंही लागेल, पण किती धोका आहे ते आधी पाहून.

हे वाचताना मला आपल्या ‘भगवती आराधने’ची आठवण झाली. शिवार्यांच्या या प्राकृत ग्रंथात सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक सांगितले आहेत, आणि त्यांची कामं वाटून दिली आहेत. क्षपकाला हात देणं, चालवणं, बसवणं, निजवणं, कूस बदलणं, एवढ्यासाठी चौघे. बाकीचे दुसऱ्या कामांना. वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप आहे असं आपण स्वाध्यायात नेहमी ऐकतो. पण एका माणसाची कूस बदलायला चार माणसं लागतात, हे कोणी मुद्दाम सांगत नाही. घरात मात्र ते तप एकट्या सुनेच्या वाट्याला. शिखरजीच्या डोंगरावर डोलीत बसायचं तर आधी वजन करतात आणि त्यावर दर ठरतो. डोलीवाल्याच्या खांद्याचा हिशोब आपण रांगेत उभं राहून देतो की नाही?

आपल्या देशात कारखान्यांच्या १९४८च्या कायद्यात, इजा होईल इतकं ओझं कामगाराला उचलायला लावू नये असं कलम होतं. ते कारखान्याचं. रुग्णालयातली मावशी आणि घरातली सून त्यात येत नव्हती. आमच्याकडच्या एका नर्सिंग होममध्ये (नाव कशाला घेऊ) रुग्णाला पलंगावरून स्ट्रेचरवर घ्यायचं झालं की सिस्टर नातेवाइकांनाच हाक मारते, ‘चला, दोघं पायाकडं धरा.’ एकदा मीही पायाकडे होते. ‘एक दोन तीन’सुद्धा कोणी म्हटलं नाही, डोक्याकडचा आधी उचलून मोकळा, आम्ही मागाहून.

यंत्र सगळ्यांच्या घरी येणार नाही, हे मला कळतं. पण बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. उचलण्यापेक्षा सरकवणं सोपं. परदेशात आता गुळगुळीत कापडाच्या चादरी मिळतात, त्या अंगाखाली घालून रुग्णाला अलगद वर सरकवतात. आमच्या आजेसासूबाईंच्या अंगाखाली जुन्या नऊवारीची चौघडी असायची. दोन बाजूंनी दोघी धरायच्या आणि कूस बदलायच्या. ती लुगड्याची चौघडी नंतर प्लॅस्टिकच्या रबरी चादरीनं घालवली, आणि चादरीला अंग चिकटू लागलं. पलंग आपल्या कमरेइतका उंच हवा; पायांखाली लाकडी ठोकळे दिले तरी होतो, मात्र हलणार नाहीत असे. फक्त ज्यांना स्वतः उतरता येतं त्यांच्यासाठी तो उंच ठेवू नये. रुग्णाला आधी सांगायचं, आता काय करणार आहोत. ज्याला जेवढं जमतं तेवढं त्याला करू द्यायचं. गुडघा दुमडून टाच रोवता आली तरी निम्मं काम होतं.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचे अण्णा घसरून पडले. त्यांचा मुलगा धावत आला, ‘काकू, जरा हात लावा, उचलून आत घेऊ.’ मी उठायच्या आत जाऊबाई दारात काठी टेकून उभ्या. म्हणाल्या, ‘त्यांना आधी विचार, कुठं दुखतंय. मग चौघांना बोलाव, अन् घरातून जाड सोलापुरी चादर आण. तोवर कुणी हात लावायचा नाही.’ अण्णा अंगणातच उताणे पडून म्हणाले, ‘बरोबर सांगत्यात त्या. मी थांबतो.’