मराठी चौथीनंतरचा जून

महाराष्ट्रातील शालेय वर्ष मृग नक्षत्राच्या आगेमागे, म्हणजे जूनच्या मध्यावर सुरू होते. उन्हाची तीव्रता लक्षात घेऊन विदर्भात ते काही दिवस उशिरा सुरू होते. शाळा आणि पहिला पाऊस यांची ही जोडी मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी, असे सहज वाटते. प्रत्यक्षात ती फार जुनी नाही. नव्या वर्षासाठी घराने करावयाची तयारी हीदेखील काळानुसार बदलत गेलेली प्रथा आहे, आणि तिचा सर्वांत अवघड भाग प्राथमिक शाळा संपवून पुढच्या टप्प्यात, आजच्या भाषेत पाचवी ते आठवीच्या वर्गांत, मूल घालताना येत असे. चौथीपर्यंतचे शिक्षण सरकारने, संस्थानांनी किंवा नगरपालिकांनी हळूहळू आपल्या अंगावर घेतले. त्यापुढची जबाबदारी मात्र दीर्घकाळ कुटुंबावरच राहिली, म्हणून या तयारीचा इतिहास विद्यार्थ्याचा असण्यापेक्षा त्याच्या घराचा अधिक आहे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेला, म्हणजे गावातील एखाद्या शिक्षकाने ओसरीवर किंवा देवळात चालवलेल्या खासगी शाळेला, शैक्षणिक वर्ष नव्हते. मूल शाळेत बसवायचे ते मुहूर्त पाहून, बहुधा दसऱ्याला सरस्वती काढून व पाटीची पूजा करून. त्यामुळे एकाच दिवशी सर्वांचा वर्ग सुरू होण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. धूळपाटीवर, म्हणजे बारीक माती पसरलेल्या फळीवर, बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवणे, मग बोरूने मोडीचा सराव करणे आणि जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांची रोजची उजळणी असा हा क्रम प्रत्येकजण आपापल्या गतीने पुरा करी. सुट्टी अमावास्या-पौर्णिमेला आणि सणावारी मिळे. पंतोजींना शिधा, धान्य आणि प्रसंगानुसार थोडा पैसा द्यावा लागे, पण पुस्तके नव्हती, इयत्ता नव्हत्या, आणि वर्ष वाया जाणे ही कल्पनाही नव्हती. हिशेब आणि पत्रलेखन जमले की मुलगा दुकानात किंवा दप्तरात बसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण तिच्या दारात बहुसंख्य जातींना आणि जवळजवळ सर्व मुलींना जागा नव्हती.

इयत्ता, छापील पुस्तक आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकात एकामागोमाग आल्या. मुंबईत १८२२ च्या सुमारास स्थापन झालेल्या हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळीने मराठी शालेय पुस्तके छापण्यास प्रारंभ केला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ आणि ‘बालमित्र’ ही त्या काळातली पुस्तके होत. १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षणखाते आले आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके, म्हणजे इयत्तावार चढत जाणारी वाचनपुस्तके, रूढ झाली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिक, म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, हे सर्व शालेय शिक्षणाचे टोक ठरले, आणि एकोणिसाव्या शतकात ही परीक्षा वर्षाच्या अखेरीस होत असल्यामुळे शाळांच्या वर्षाचा ओघही पावसाळ्याऐवजी दिवाळीनंतरच्या हंगामाकडे राहिला. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले ते जानेवारी १८८० मध्ये, आणि पाच वर्षांनी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले तेही जानेवारीतच. त्या पिढीचा शाळेचा पहिला दिवस छत्रीखालचा नव्हता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

या व्यवस्थेतील खरा नाका होता मराठी चौथी. चौथी झालेल्या मुलापुढे दोन वाटा असत. पहिली वाट मराठी शाळेतच पुढे शिकून सातवीची ‘फायनल’, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा, देण्याची. ती उत्तीर्ण झालेल्याला शिक्षकाची, तलाठ्याची किंवा कचेरीतील कनिष्ठ नोकरी मिळू शके. दुसरी वाट ‘इंग्रजी पहिली’त नाव घालण्याची. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी तिसरी म्हणजे आजची सातवी. या तीन इयत्तांना मिडल स्कूल म्हणत, आणि चौथी ते सातवी या इंग्रजी इयत्तांचे हायस्कूल होई, ज्याचा शेवट मॅट्रिकने होत असे. मराठी शाळा गावात किंवा शेजारच्या गावात असे. इंग्रजी शाळा मात्र तालुक्याला, पुष्कळदा जिल्ह्यालाच. त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला इंग्रजीला घालायचे म्हणजे दरमहाची फी, नवी पुस्तके, अंगावरचे बरे कपडे आणि, सर्वांत अवघड म्हणजे, परगावी राहण्या-जेवण्याची सोय यांचा विचार एकदम करावा लागे. घरात दोन-तीन मुलगे असले तर कोणी इंग्रजीला जायचे, कोणी फायनल करायची आणि कोणी शेती पाहायची, हे याच वयात ठरे. मुलाला विचारण्याची पद्धत नव्हती.

मराठी वाटही सोपी नव्हती, याचा प्रसिद्ध दाखला धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मवृत्तात आहे. दापोली तालुक्यातील मुरूड गावचे हे सतरा वर्षांचे विद्यार्थी सरकारी नोकरीस पात्र ठरवणाऱ्या परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि तेथे ते वयाने लहान दिसतात या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही.

परगावी ठेवलेल्या मुलाच्या जेवणाचा प्रश्न पुण्यासारख्या शहरात दोन रूढ मार्गांनी सुटे. ‘वार लावणे’ म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका ओळखीच्या घरी जेवायला जाणे, आणि ‘माधुकरी’ म्हणजे ठरावीक घरांतून शिजवलेले अन्न झोळीत मागून आणणे. जून किंवा जानेवारी येण्याआधी मुलाचा बाप किंवा मामा शहरात येऊन सात वारांसाठी सात घरे पक्की करून जाई. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास घडे. ही सोय ब्राह्मण मुलांपुरती होती, आणि माधुकरीवर शिकलेल्यांच्या कर्तृत्वकथा सांगताना ही मर्यादा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. इतर समाजांतील मुलांना शहरात घरे नव्हती, त्यामुळे त्यांच्यासाठी वसतिगृह हाच उपाय होता. शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे विविध समाजांच्या वसतिगृहांना जागा व उत्पन्ने दिली. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. मुलगा बोर्डिंगला पोचवायचा तर ट्रंक, वळकटी, ताट-वाटी आणि जमेल तेवढे धान्य बरोबर द्यायचे, ही पद्धत पश्चिम महाराष्ट्रातील खेडोपाडी रुजली ती या वसतिगृहांमुळे.

या नाक्यावरचा एक दिवस आता राज्याच्या दिनदर्शिकेत नोंदला गेला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, जे आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते, भिवा रामजी आंबेडकर या नावाची इंग्रजी पहिलीत नोंद झाली. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. प्रवेशाची तारीख नोव्हेंबरातली आहे, ही गोष्ट जूनपूर्व शालेय वर्षाच्या संदर्भातही लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वयातील शाळेविषयी डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्यांना वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा स्वतःचा असे, शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यावा लागे आणि सकाळी परत आणावा लागे. पाणी शिपायाने वरून ओतले तरच मिळे. इतर घरांनी मुलासाठी पाटी, दौत, टाक जमवले असतील. निवृत्त सुभेदाराच्या या घराला बसण्याचे गोणपाटही जमवावे लागले. शालेय तयारीच्या वस्तूंची यादी करताना हा तुकडा वगळला तर ती यादी खोटी ठरेल.

मुलींच्या बाबतीत चौथीनंतर तयारीचा प्रश्न बहुतेक घरांत लग्नाच्या तयारीने निकालात निघे. पुण्यात १८८४ मध्ये सुरू झालेली मुलींची हुजूरपागा शाळा हा या नियमाचा अपवाद होता, आणि तेथे मुली पाठवणाऱ्या घरांना शेजारपाजारचे बोलणे ऐकून घेण्याची तयारीही करावी लागे.

पालकाला कायद्याने प्रथम जबाबदार धरले ते संस्थानांनी. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले; कोल्हापुरात १९१७ च्या कायद्याने मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. ही सक्ती प्राथमिक टप्प्यापुरतीच असल्याने तिने मराठी चौथीचा नाका अधिकच ठळक केला: तोवर न पाठवल्यास दंड, त्यानंतर पाठवायचे असल्यास खर्च.

विसाव्या शतकात मॅट्रिकची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर सरकली, वर्ष जूनमध्ये सुरू होऊ लागले आणि त्याची एक विलक्षण खूण लाखो लोकांच्या कागदपत्रांवर उमटली. खेड्यांत जन्माची नोंद क्वचितच असे. मूल दाखल करताना गुरुजी त्याची उंची, दात आणि घरच्यांनी सांगितलेला दुष्काळ किंवा पूर यांवरून वर्षाचा अंदाज बांधत आणि तारीख १ जून लावत, म्हणजे नव्या वर्षाच्या प्रारंभी ते वयात बसे. चौथीनंतर मिळणाऱ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हीच तारीख उतरे आणि पुढच्या शाळेपासून निवृत्तीवेतनापर्यंत सोबत करी. महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे शाळा उघडण्याच्या तोंडावर येतो.

जूनच्या बाजाराला खरे रूप आले ते पुस्तकांमुळे. स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही काही वर्षे आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेसारख्या खासगी वाचनमाला मंजूर यादीतून शाळा निवडत, त्यामुळे शाळा बदलली की पुस्तके बदलत. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाल्यावर राज्यभर एकच पुस्तक आले, तेही स्वस्त. आणि एकच पुस्तक वर्षानुवर्षे टिकल्यामुळे जुन्या पुस्तकांचा व्यवहार भरभराटीला आला. १ मे रोजी निकाल लागला की वरच्या वर्गात गेलेल्या मुलाच्या घरी खालच्या वर्गातल्याची आई पुस्तके ‘सांगून ठेवायला’ जाई. निम्म्या किमतीत व्यवहार ठरे, व्यवस्थित ठेवलेल्या संचाला पाऊण किंमतही येई, आणि पुण्यात जे घरोघरी जमत नसे ते अप्पा बळवंत चौकात मिळे. मग सुट्टीच्या अखेरच्या आठवड्यात पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घालायची, मागच्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून ती दाभण-दोऱ्याने शिवून कच्ची वही करायची, गणवेशाची विजार वाढत्या अंगाची शिवून घ्यायची, ही कामे घरातली माणसे वाटून घेत. छत्री किंवा रेनकोट परवडला नाही तर गोणपाटाची खोळ होतीच.

अभ्यासक्रम बदलला की हा सारा व्यवहार कोलमडे. गेल्या दशकातील बदल इयत्तावार चढत गेला: पाचवीची पुस्तके २०१५ मध्ये बदलली, सहावीची २०१६ मध्ये, सातवीची २०१७ मध्ये आणि आठवीची २०१८ मध्ये, त्यामुळे २०१५ मध्ये पाचवीत गेलेल्या मुलाला चारही वर्षे कोणाचे जुने पुस्तक मिळणे शक्य नव्हते. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पुस्तके तोवर मोफत झाली होती, म्हणून त्याचा बोभाटा झाला नाही. पुस्तके सांगून ठेवण्याची रीत मात्र त्याच सुमारास विरली. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३ मध्ये पुस्तकांतच कोरी पाने जोडण्याचा प्रयोग झाला, आणि दोन वर्षांत तो मागे घेण्यात आला.

इंग्रजीच्या धोरणानेही या टप्प्याची तयारी पुन्हा पुन्हा बदलली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे ठरले आणि जुन्या इंग्रजी पहिलीचा अर्थच गेला; नंतर ती पाचवीवर परतली, तेव्हा पाचवीला जाणाऱ्या मुलाला मे महिन्यात ए-बी-सी-डी गिरवायला लावणे हा घरोघरचा उद्योग झाला; २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आल्यावर तोही थांबला. चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला नेण्यात आल्या, त्यामुळे मार्गदर्शक पुस्तके आणि जादा तास यांचा खर्च मात्र याच टप्प्यात एकवटला.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच्या, शिक्षणाची जबाबदारी प्रथमच शासनावर आली. त्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी विभागणी केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिकपूर्व टप्पा सहावी ते आठवी असाच आहे. महाराष्ट्रातील कित्येक जिल्हा परिषद शाळा मात्र आजही चौथीवर संपतात आणि खासगी संस्थांची हायस्कुले पाचवीपासून सुरू होतात. त्यामुळे अशा गावांतील पालकाला १ मे नंतर दाखला काढणे, दुसऱ्या गावाच्या शाळेत जागा पाहणे आणि एस.टी.च्या पासाची व्यवस्था करणे ही कामे अजूनही मूल दहा वर्षांचे असतानाच करावी लागतात.