अल्-जब्र : वाटणीच्या हिशेबातून उभं राहिलेलं गणित

दहावीच्या गणिताचा पहिला भाग म्हणजे बीजगणित. इंग्रजी माध्यमाची मुलं त्याला अल्जेब्रा म्हणतात आणि जुन्या उर्दू पुस्तकांत त्याचं नाव ‘जब्र-ओ-मुकाबला’ असं आहे. अल्जेब्रा हा मूळचा अरबी शब्द आहे, हे आपल्या घरांत बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यापुढे गाडी सरकत नाही. मोबाइलवर एका बाजूने ‘शून्याचा शोध मुसलमानांनी लावला’ असे मेसेज फिरतात, तर दुसऱ्या बाजूने ‘अरबांनी सगळं भारतातून उचललं’ असे. दोन्ही दावे चुकीचे आहेत. खरा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे, म्हणून तो थोडक्यात पाहू या.

बगदादच्या आधी

समीकरणं सोडवण्याचं काम फार जुनं आहे. सुमारे ३८०० वर्षांपूर्वी, आज जिथे इराक आहे तिथल्या बॅबिलोनियन लोकांनी मातीच्या पाट्यांवर वर्गसमीकरणाची उदाहरणं सोडवली होती. ते साठच्या पटीत मोजत. तासाची ६० मिनिटं आणि मिनिटाचे ६० सेकंद ही त्यांचीच देन आहे. इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने भूमिती सिद्धतेच्या पायावर रचली.

भारतात इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. शून्य ही स्वतंत्र संख्या मानून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम त्यात दिले आहेत. ऋण संख्यांचेही नियम आहेत आणि ब्रह्मगुप्त त्यांना ‘ऋण’ म्हणजे कर्ज असंच म्हणतो. पुढे अब्बासी खलीफा मन्सूरच्या काळात, इ.स. ७७० नंतर लगेचच, भारतीय खगोलशास्त्राचा ग्रंथ बगदादला पोहोचला आणि अरबीत आला. ‘सिंदहिंद’ या नावाने तो ओळखला गेला. ‘सिद्धांत’ या शब्दाचंच ते अरबी रूप.

म्हणजे शून्य भारतातून गेलं आणि अरबांनी त्याला ‘सिफ्र’, म्हणजे रिकामं, म्हटलं. आज उर्दूत आपण शून्याला सिफरच म्हणतो.

ख्वारिज्मी यांचं पुस्तक

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी (सुमारे इ.स. ७८० ते ८५०) हे खलीफा मामूनच्या काळात बगदादच्या बैतुल हिकमत या विद्याकेंद्रात काम करत. त्यांच्या नावातला ख्वारिज्म हा आजच्या उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानमधला प्रदेश. इ.स. ८२० च्या सुमारास त्यांनी ‘अल-जब्र वल-मुकाबला’ या हिशेबावरचं छोटं पुस्तक लिहिलं. हे पुस्तक कशासाठी, ते त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलं आहे: वारसा, वसीयत, वाटणी, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खोदाई. रोजच्या व्यवहारात लोक जिथे अडतात, तिथे उपयोगी पडेल असं गणित त्यांना लिहायचं होतं.

‘जब्र’ म्हणजे तुटलेलं सांधणं. मोडलेलं हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द आहे. एक साधं उदाहरण घेऊ. दहातून एक ‘वस्तू’ वजा केली की चार उरतात. दोन्ही बाजूंना ती वस्तू मिळवली की वजाबाकी सांधली जाते. मग दहा बरोबर चार आणि एक वस्तू. हा झाला जब्र. आता दोन्हीकडचे चार समोरासमोर ठेवून काढून टाकले की वस्तू बरोबर सहा. हा मुकाबला. अज्ञात संख्येला ते ‘शय’ म्हणजे वस्तू म्हणत. त्यांच्या पुस्तकात क्ष नाही, अधिक-उणेची चिन्हं नाहीत, सगळं गणित शब्दांत आहे.

त्यांचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण असं: एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? त्यांची रीत: दहाचे निम्मे पाच, पाचाचा वर्ग २५, तो ३९ मध्ये मिळवा, ६४ झाले. त्याचं वर्गमूळ ८, त्यातून पाच वजा केले की उत्तर ३. ताळा पाहा: ९ आणि ३० मिळून ३९.

ही रीत बरोबर का, हे त्यांनी आकृती काढून दाखवलं. एक चौरस काढा. त्याच्या दोन लगतच्या बाजूंना पाच-पाच रुंदीचे आयत जोडा. या सगळ्याचं क्षेत्रफळ ३९. कोपऱ्यात पाच बाय पाचची जागा रिकामी राहते. ती भरली की ६४ क्षेत्रफळाचा पूर्ण चौरस होतो आणि त्याची बाजू ८. दहावीत मुलं जी ‘पूर्ण वर्ग पद्धत’ शिकतात, ती हीच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या समीकरणाचं दुसरं उत्तर उणे १३ आहे आणि ते ख्वारिज्मी देत नाहीत, कारण त्यांनी ऋण संख्या घेतल्याच नाहीत. त्या बाबतीत ब्रह्मगुप्त त्यांच्या पुढे होता. ख्वारिज्मी यांचं मोठेपण वेगळं आहे. त्यांनी समीकरणांचे सहा प्रकार पाडले, प्रत्येकाची रीत दिली, वर्गसमीकरणांची कारणं आकृतीने दाखवली आणि सुट्या उदाहरणांना एका शास्त्राचं रूप दिलं.

निम्मं पुस्तक वारशावर

या पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग वसीयत आणि वारशाच्या हिशेबांचा आहे. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से अपूर्णांकांत ठरवून दिलेले आहेत. त्याआधी कर्ज फेडायचं असतं आणि वसीयत असेल तर तीही, एक तृतीयांशाच्या मर्यादेत, द्यायची असते. हे सगळं एकत्र आलं की तोंडी हिशेब जमत नाही.

त्यांचं एक उदाहरण पाहा. एक माणूस १० दिरहम रोख ठेवून वारला. मागे दोन मुलगे. एका मुलाकडे बापाचे १० दिरहम येणे आहेत. एक तृतीयांश मालमत्तेची वसीयत एका परक्या माणसासाठी आहे. उदाहरणात नियम असा धरला आहे की कर्जदार मुलाच्या कर्जापैकी त्याच्या हिश्श्याएवढीच रक्कम हिशेबात घ्यायची. पण हिस्सा किती हे ठरायला एकूण मालमत्ता कळायला हवी आणि मालमत्ता कळायला हिस्सा. इथेच ‘शय’ कामाला येते. हिस्सा म्हणजे शय मानली, तर मालमत्ता दहा आणि एक शय. तिचा तिसरा भाग वसीयतीत गेला, उरलेले दोन भाग दोन मुलांचे, म्हणजे शय हाही मालमत्तेचा तिसराच भाग. उत्तर पाच. रोख दहापैकी पाच परक्याला, पाच दुसऱ्या मुलाला आणि कर्जदाराचा हिस्सा त्याच्या कर्जात वळता.

आता आपल्या घरातलं उदाहरण. कर्ज, वसीयत वगैरे देऊन ३२ लाख रुपये उरले. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. आईवडील आधीच वारलेले. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांचे चार भाग: मुलाला दोन, म्हणजे १४ लाख, आणि प्रत्येक मुलीला एक, म्हणजे ७ लाख. आठवीतल्या मुलीला जमेल असं हे गणित आहे. तरी कित्येक घरांत हा हिशेब मांडलाच जात नाही. बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो आणि ‘भावाशी संबंध राहायला हवेत’ म्हणून सही होते. सोडायचंच असेल तर बहिणीने आपला आकडा समजून घेऊन राजीखुशीने सोडावं. आकडाच माहीत नसेल, तर ती राजीखुशी कसली?

युरोपात आणि पुढे

इ.स. ११४५ मध्ये स्पेनमधल्या सेगोव्हिया इथे रॉबर्ट ऑफ चेस्टरने ‘अल-जब्र’चा लॅटिन अनुवाद केला. ख्वारिज्मी यांचं भारतीय अंकांवरचं दुसरं पुस्तकही लॅटिनमध्ये गेलं. त्याची अरबी मूळ प्रत आज उपलब्ध नाही. त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, जो आज प्रत्येक मोबाइलच्या पोटात आहे. उत्तर आफ्रिकेत अंक शिकलेल्या फिबोनाचीने १२०२ मध्ये हे अंक युरोपच्या व्यापाऱ्यांना शिकवले. युरोप त्यांना अरबी अंक म्हणतो, तर अरब त्यांचे अंक हिंदी असल्याचं सांगतात.

गणित पुढेही चालत राहिलं. उमर खय्याम (१०४८ ते ११३१) यांनी घनसमीकरणं वक्रांच्या मदतीने सोडवली. समरकंदच्या अल-काशींनी १४२४ मध्ये पायची किंमत १६ दशांश स्थळांपर्यंत काढली. अज्ञातासाठी आणि ज्ञात राशींसाठीही पद्धतशीरपणे अक्षरं वापरण्याची रीत फ्रान्सच्या व्हिएतने १५९१ मध्ये दिली.

आपल्या मुलखात

हा प्रवास महाराष्ट्रालाही शिवून जातो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’चे ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे भाग आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, असं सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्लाह रशीदी यांनी ‘बीजगणित’ फारसीत आणलं. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर वास्तुकार म्हणून ज्यांचं नाव कोरलेलं आहे, ते अताउल्लाह हेच. त्यांच्या नावासोबत तिथे हंसपत राय यांचंही नाव आहे.

मुलांना हा इतिहास सांगताना वारशाचाच नियम लावावा. बॅबिलोनचा हिस्सा बॅबिलोनला, ब्रह्मगुप्ताचा ब्रह्मगुप्ताला, ख्वारिज्मी यांचा ख्वारिज्मींना. कुणाचा हिस्सा खाऊन आपला मोठा करायची गरज नाही, कारण आपल्या वाट्याला आलेला भरपूर आहे. आणि पुढच्या वेळी घरातलं मूल वर्गसमीकरणाला कंटाळलं, तर ३९ चं ते उदाहरण कागदावर चौरस काढून करून पाहा.