हृदयाने धाडलेला सांगावा



हृदय म्हणजे रक्त खेळवणारा पंप, हे आपण शाळेत शिकलो. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला आणि पुढची सव्वातीनशे वर्षे जग हृदयाकडे पंप म्हणूनच पाहत राहिले. संप्रेरके तयार करणे हे थायरॉइडसारख्या ग्रंथींचे काम. हृदयाचा त्याच्याशी काय संबंध?

१९५६ हे साल या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनिपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांत बारीक कण दिसले. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांना आढळले, की कुत्र्याच्या हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात फुगा फुगवला की त्याला लघवी जास्त होते. कण कशासाठी आहेत आणि हृदय ताणले की मूत्रपिंडाला कसे कळते, या दोन कोड्यांची गाठ पडायला पंचवीस वर्षे जावी लागली.

ती गाठ घातली अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि कॅनडात किंग्स्टन येथे काम करणाऱ्या अडोल्फो द बोल्ड यांनी. १९८१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. पाहता पाहता लघवी दहा पटींनी वाढली आणि तीतून बाहेर पडणारे सोडियम तीस पटींहून अधिक! हृदय स्वतःच मूत्रपिंडाला निरोप धाडत होते, 'माझ्यावरचा भार वाढला, जरा मीठ-पाणी बाहेर टाका.' पंप समजले गेलेले हृदय ग्रंथीही ठरले.

१९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत याच कुळातला आणखी एक पदार्थ सापडला. मेंदूत सापडला म्हणून नावात 'ब्रेन' आले आणि 'बीएनपी' हे नाव रूढ झाले. पुढे कळले, की तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतो. नाव मेंदूचे, गाव हृदयाचे! कप्प्याची भिंत ताणली गेली, की स्नायुपेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी तयार करतात. तिचे दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा काम करणारा, तो बीएनपी. ७६ चा तुकडा निष्क्रिय, पण रक्तात जास्त वेळ टिकणारा, तो एनटी-प्रो-बीएनपी.

याचा उपयोग काय? रात्री-अपरात्री एखादे आजोबा धापा टाकत इस्पितळात येतात. दोष फुप्फुसाचा की हृदयाचा? २००२ मध्ये अशा १,५८६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक मिलिलिटर रक्तात १०० पिकोग्रॅम ही सीमा धरली, तर बीएनपीवरून निदानाला चांगली मदत होते, असे त्यात दिसले. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा पुराव्यावर हृदयाची साक्ष काढता येऊ लागली.

ही साक्ष पुढचेही सांगते. आकडा जितका वरचा, तितका मृत्यूचा आणि पुन्हा दाखल व्हावे लागण्याचा धोका अधिक. घरी जाताना तो चांगला उतरलेला असला, तर आशा अधिक. मग वाटले, की औषधे वाढवून हा आकडाच खाली आणला तर? अमेरिका आणि कॅनडातील ८९४ रुग्णांवर हे करून पाहिले. निम्म्यांचे उपचार आकड्यावर नजर ठेवून, निम्म्यांचे नेहमीच्या पद्धतीने. २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. दोन्ही गटांत हृदयविकाराने दगावलेले किंवा हृदय पुन्हा थकल्याने दाखल झालेले रुग्ण जवळपास सारखेच, सुमारे ३७ टक्के होते. आकड्यामागे धावून जास्तीचे काही पदरी पडले नाही.

म्हणून रिपोर्टातला मोठा आकडा पाहून घरच्यांनी धीर सोडू नये आणि लहान आकडा पाहून गाफीलही राहू नये. वय वाढले किंवा मूत्रपिंड थकले, की आकडा चढतो. लठ्ठ माणसात तो हृदय दुबळे असूनही कमी दिसू शकतो. सॅक्युबिट्रिल हे औषध तर बीएनपीचे विघटनच रोखते, त्यामुळे ते घेणाऱ्याचे बीएनपी वाढलेले दिसू शकते. तिथे एनटी-प्रो-बीएनपी पाहणे बरे. आकड्याचा अर्थ रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच लावायचा.

आणि आपण? पायावर सूज, उताणे झोपल्यावर लागणारी धाप, दोन-तीन दिवसांत एकदम वाढलेले वजन, हेही हृदयाचेच निरोप आहेत. ते वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. वेळीच वाचले, तर पुढचे पुष्कळसे टाळता येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)